धैर्यवानांची प्रकृती

ठाकूरद्वारच्या एका दवाखान्यात मी अठ्ठावीस वर्षं कंपाउंडर होतो. एवढ्या वर्षांत खोकणारे, कण्हणारे, शिव्या घालणारे, औषध मोरीत ओतून रिकामी बाटली परत आणणारे, सगळ्या तऱ्हेचे रोगी पाहिले. आजारी माणसाचा तिटकारा मला कधी आला नाही. एकाचा मात्र आला, आणि तो अजून गेलेला नाही. भास्करराव धैर्यवान त्यांचं नाव.

आडनाव खरोखरच धैर्यवान. मुंबईतलं जुनं पाठारे प्रभू घराणं. आमच्या दवाखान्यामागच्या वाडीत त्यांचं लाकडी जिन्याचं दुमजली घर होतं. वर भाऊबंद राहत आणि तळमजल्यावर हे, पत्नी शांताबाई आणि मुलगी विजया. शांताबाईंना सगळी वाडी काकी म्हणत असे. भास्करराव फोर्टातल्या एका साहेबी कचेरीत हेडक्लार्क होते आणि पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. उंच, गोरे, सरळ नाकाचे. इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले की रस्त्यावरून जाणारा माणूस आपोआप नमस्कार करायचा. संध्याकाळी त्याच ओट्यावर पत्त्यांतल्या बिझिकचा डाव पडत असे. चार ठरलेले गडी असत आणि त्यांत भास्कररावांचे जोडीदार म्हणजे समोरच्या घरातले सबनीस. वीस वर्षांची जोडी होती. आजारापूर्वी भास्करराव फार दिलदार होते असं वाडीतले जुने लोक सांगत. मला ते पटत नाही. ते मुळातच तसे असणार, आजाराने त्यांना फक्त परवानगी दिली.

आजार खोटा नव्हता, हे आधी सांगून टाकतो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटत होती त्या वर्षी गौरीच्या जेवणानंतर त्यांच्या छातीत कळ आली. आमचे डॉक्टर वागळे धावत गेले, मागून बॅग घेऊन मी. भास्करराव घामाने भिजले होते, ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरांनी सुई टोचली, उशाशी दोन तास बसून राहिले आणि सहा आठवडे अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं. त्या काळी हृदयविकाराला हाच उपाय होता.

त्या सहा आठवड्यांत वाडी फार चांगली वागली. वरचे लोक वहाणा हातात घेऊन जिना उतरत. गणपतीच्या मांडवातला कर्णा तोंड फिरवून रस्त्याकडे केला. सबनीस रोज दुपारी येऊन उशाशी बसत आणि हळू आवाजात वर्तमानपत्र वाचून दाखवत. सहा आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढवून घेतला, पुन्हा तपासलं आणि म्हणाले, "भास्करराव, उठा आता. हृदयाची जखम भरली आहे. सावकाश हिंडाफिरायला लागा, माणसांत बसा."

भास्कररावांनी विचारलं, "आणि काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

डॉक्टर हसले. त्यांनी खिशातून पॅड काढून औषधाच्या चिठ्ठीसारखी चिठ्ठी लिहिली आणि माझ्या हातात दिली. संध्याकाळी सहा ते आठ, बिझिक, चौघांत, ओट्यावर, रोज. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मधू, मी थट्टा करत नाहीये. एकटा पडलेला माणूस लवकर खचतो. मी पंचवीस वर्षं हेच बघतोय." मी चिठ्ठी आत नेऊन दिली. भास्कररावांनी ती वाचली, चार घड्या घातल्या आणि पाण्याच्या पेल्याखाली ठेवून दिली. मला म्हणाले, "कंपाउंडर, तुमच्या डॉक्टरांना सांगा, मला मिक्स्चर पाहिजे." पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही.

डॉक्टरांनी नाइलाजाने मिक्स्चर दिलं. पेपरमिंटचं पाणी आणि थोडा गुलाबी रंग. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी मीच कापून चिकटवत असे.

मग त्या घरात प्रकृतीचं राज्य सुरू झालं. भिंतीवरच्या घड्याळाचे टोले बंद. दूधवाल्याने हाक मारायची नाही, कडी वाजवायची. कढईत फोडणी घालायची ती दार लावून. वर्तमानपत्र बंद, कारण त्यात चळवळीच्या बातम्या असत आणि त्यांच्या शब्दांत सांगायचं तर "एक्साइटमेंट" होई. हा शब्द ते दिवसातून वीस वेळा उच्चारत. शेजारच्या घरात मूल जन्मलं तरी एक्साइटमेंट आणि कुणी वारलं तरी एक्साइटमेंट. काकींचं चैत्रातलं हळदीकुंकू बंद झालं, कारण बायका हसतात. विजयाच्या मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. भेटायला येणाऱ्याने एकट्याने यायचं, पाच मिनिटं बसायचं आणि मरण, दिल्ली व मुंबई या तीन विषयांवर बोलायचं नाही. त्या वर्षी गिरगावात या तीन विषयांशिवाय कुणी काही बोलतच नव्हतं, त्यामुळे येणारे आपोआप कमी झाले. सबनीस मात्र यायचे. पाच मिनिटं झाली की भास्करराव बोटाने खुणावत आणि सबनीस मुकाट्याने उठून जात.

या सबनिसांबद्दल थोडं सांगायला हवं. कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गासड्या मोजून नोंदवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. ठेंगणे, काळेसावळे, बोलताना हात नाचवणारे. त्यांचं हृदय भास्कररावांच्या हृदयापेक्षा कितीतरी जास्त बिघडलं होतं. एक झडप लहानपणच्या तापापासून निकामी होती. संध्याकाळी पावलं सुजत आणि झोपताना पाठीशी तीन उशा लागत. डॉक्टरांनी मला खाजगीत सांगितलं होतं की या गृहस्थाने वर्ष काढलं तर पुष्कळ झालं. हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सबनिसांना डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच, की बेताने चाला. ते बेताने चालू लागले, पण चालणं सोडलं नाही. ठाकूरद्वारहून चौपाटीला जायला त्यांना तास लागे. शिंप्याच्या दुकानात पाच मिनिटं बसायचं, मग इराण्याकडे, मग फुलवालीच्या पाटावर. खोताच्या वाडीत एक म्हातारा ख्रिश्चन व्हायोलिन शिकवायचा, त्याच्या पायरीवर तर हमखास. परत येईतो दहा घरांच्या बातम्या त्यांच्याजवळ असत. चळवळीची सभा असली की दोन तास आधी निघत आणि मागच्या बाजूला कुणाच्या तरी खुर्चीवर जागा मिळवत. भास्कररावांना हे कळलं की ते मान हलवून म्हणत, "सबनीस स्वतःच्या हाताने मरतोय."

जानेवारीतली गोष्ट. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि गिरगाव पेटलं. रस्त्यावर दगड, जळते टायर, पोलिसांच्या गाड्या. दुपारी आम्ही दवाखान्याच्या फळ्या लावून आत बसलो होतो. लोक मागच्या दाराने जखमी आणत होते. तेवढ्यात वाडीच्या तोंडाशी अश्रुधुराची नळकांडी पडली. मी ओला पंचा तोंडाला बांधून बाहेर आलो, कारण वाडीत कुणी पडलंय असं कुणीतरी ओरडत आलं होतं. पाहतो तो सबनीस भास्कररावांच्या ओट्यावर. नाक्यावरून परत येताना धुरात सापडले होते आणि स्वतःच्या घराचा जिना चढायचं बळ उरलं नव्हतं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, छातीचा भाता झालेला, ओठ निळे. एका हाताने ते दार ठोठावत होते.

आतून भास्कररावांचा आवाज आला. "कोण?"

"भास्करा, मी. पाणी दे रे. आत घे जरा."

मग भास्करराव म्हणाले, "सबनीस, तू तुझ्या घरी जा. मला हे चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. मी ओट्यापाशी पोहोचून सबनिसांना धरलं आणि दारावर लाथ मारायला पाय उचलला, तेवढ्यात दार उघडलं. काकी उभ्या होत्या. त्यांच्यामागे चार हातांवर भास्करराव आरामखुर्चीत बसले होते, डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून. जोडीदार दारात गुदमरत असताना हा माणूस स्वतःची नाडी मोजत होता. काकींनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही दोघांनी सबनिसांना आत घेतलं आणि जमिनीवर भिंतीला टेकवून बसवलं. काकींनी पदर भिजवून त्यांचे डोळे पुसले. भास्करराव उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

अर्ध्या तासाने सबनिसांचा श्वास ठिकाणावर आला. त्यांना घरी नेताना मी रागाने काहीतरी बोललो. ते म्हणाले, "जाऊ दे रे मधू. घाबरलाय तो." वाडीने त्यावरून भास्कररावांशी भांडायचं ठरवलं, तर सबनिसांनीच सगळ्यांना गप्प केलं. मीही भांडलो नाही, पण मनातून त्या माणसाला मी कायमचा काढून टाकला.

काकींनी मात्र वेगळं केलं. दुसऱ्या दिवशी संचारबंदी दोन तास उठली तेव्हा त्या चप्पल घालून घराबाहेर पडल्या. ज्या घरांतली माणसं गोळीबारात जखमी झाली होती, तिथे बायका भाकऱ्या पोचवत होत्या, त्यांच्यात जाऊन मिळाल्या. भास्कररावांनी विचारलं म्हणे, "माझं काय?" काकींनी सांगितलं की गोळ्या टेबलावर आहेत आणि जेवण झाकून ठेवलंय. पुढे त्या महिलांच्या सभांना जाऊ लागल्या, मोर्चात चालल्या, एकदा धरल्या गेल्या आणि संध्याकाळी सुटून आल्या. पन्नाशीच्या काकी तेव्हा चार पायऱ्या एका दमात चढत. आम्ही दवाखान्यातून बघत असू.

मला मात्र त्या घराची फेरी चुकली नाही. रोज सकाळी दहाला जाऊन भास्कररावांची नाडी बघायची, डॉक्टरांचा हुकूम होता. भास्करराव मनगट पुढे करत, मी घड्याळाकडे बघत असे. पहिले काही महिने मी खरंच मोजली. अश्रुधुराच्या दिवसानंतर मोजणं सोडलं. अर्धं मिनिट हात धरायचा आणि "बहात्तर" म्हणायचं. कधी "चौऱ्याहत्तर", म्हणजे संशय नको. ते डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "ठीक." कंपाउंडरने असं करायचं नसतं. तेव्हा त्यात मला एक प्रकारचं सुख वाटत असे.

विजयाचं लग्न पुढच्या वर्षी ठरलं. मुलगा दादरचा, शाळेत मास्तर, चांगला. कार्यालय दादरलाच घेतलं होतं. आठ दिवस आधी भास्कररावांनी जाहीर केलं की आपण लग्नाला येणार नाही. बँड, मंडपातली गर्दी, तुपाचं जेवण, त्यात मुलीची पाठवणी, म्हणजे केवढी एक्साइटमेंट. डॉक्टर स्वतः समजवायला गेले. मी टॅक्सीत तुमच्याबरोबर बसतो, म्हणाले, दिवसभर तुमच्या शेजारची खुर्ची सोडत नाही. भास्करराव म्हणाले, "डॉक्टर, तिचं लग्न माझ्यावाचूनही होईल." विजया दाराआड उभी होती. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "मग कन्यादान कोण करणार?" भास्कररावांनी यावर विचार केलेला नव्हता. कुणालाही सांगा, म्हणाले.

कन्यादान सबनिसांनी आणि त्यांच्या पत्नीने केलं. सुजलेली पावलं कॅनव्हासच्या बुटांत कोंबून तो माणूस सकाळी सातपासून उभा होता. मध्येच मागे जाऊन धाप टाकायची, पुन्हा येऊन उभं राहायचं. डॉक्टर कोपऱ्यात बसून त्यांच्याकडे बघत होते आणि मी डॉक्टरांकडे. सबनिसांना काही झालं नाही. संध्याकाळी मुलीला निरोप देताना ते ओक्साबोक्शी रडले आणि नंतर दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी नाडी बघायला गेलो. भास्करराव म्हणाले, "सगळं नीट झालं ना?" मी झालं म्हणालो. "सबनीस थकला असेल." मी म्हटलं, नाही. त्यांना ते आवडलं नाही.

सबनीस त्या निदानानंतर तीन वर्षांहून जास्त जगले. डॉक्टरांनी त्यांना वर्षच दिलं होतं. एका दुपारी शिंप्याच्या दुकानात बसल्या बसल्या, कुणाला तरी काहीतरी हसून सांगताना, त्यांची मान खांद्यावर कलली. त्यांच्या अंत्ययात्रेला गिरगावातून एवढी माणसं आली की वाडीच्या बोळात मावेनात. फुलवाली आली, इराणी गल्ला सोडून आला, खोताच्या वाडीतला व्हायोलिनवाला काळा कोट घालून आला. खांदेकरी दर वीस पावलांवर बदलत होते. भास्कररावांची खिडकी बंद होती.

चौथ्या दिवशी डॉक्टर आणि मी त्यांच्याकडे गेलो असताना भास्करराव खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, "बघा. मी सांगत होतो. तो आधी जाणार."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी पाहिलंय ते. वीस वर्षांच्या जोडीदारावर त्यांनी शेवटचा डाव जिंकला होता.

डॉक्टर रागावत नसत. त्या दिवशी रागावले. म्हणाले, "सबनिसांचं हृदय तुमच्याजवळ असतं तर तुम्ही दोन महिन्यांत गेला असता. तीन वर्षांपूर्वीच मी त्यांची आशा सोडली होती. ही वर्षं त्यांनी कुठून आणली ते माझ्या कपाटातल्या एकाही बाटलीत नाही. आणि तुमचं हृदय चांगलं होतं, भास्करराव. बसून बसून तुम्ही ते खराब केलंत. आता ते खरंच खराब आहे."

ही गोष्ट खरी होती. चार वर्षं खुर्चीत काढलेल्या माणसाच्या मांड्या काठीसारख्या होतात. मोरीपर्यंत गेलं की त्यांना धाप लागत होती. खोटं दुखणं जपता जपता ते खरं झालं होतं. त्या दिवसानंतर मी त्यांची नाडी पुन्हा नीट मोजू लागलो. ती बहात्तर नव्हती आणि एका चालीने पडतही नव्हती.

महाराष्ट्राचं राज्य झालं त्या संध्याकाळी वाडीत पणत्या लावल्या होत्या, पेढे वाटत होते. काकी त्या घोळक्यात मध्यभागी होत्या. कुणीतरी त्यांच्या केसांत गजरा माळला होता. मी पेढा घेऊन भास्कररावांकडे गेलो, कारण काकींनीच पाठवलं होतं. त्यांनी पेढा हातात घेतला, बाहेरचा आवाज ऐकला आणि विचारलं, "हे किती वेळ चालणार?"

पुढच्या थंडीत त्यांच्या पायांवर सूज आली, छातीत पाणी झालं, आणि त्यांना परळच्या इस्पितळात हलवावं लागलं. खाजगी खोली मिळाली नाही. पुरुषांच्या मोठ्या वॉर्डात, वीसेक खाटांमध्ये एक. शेजारच्या खाटेवर लालबागचा एक गिरणी कामगार होता, सावंत. त्याच्याकडे भेटीच्या वेळी सात-आठ माणसं येत. खोलीत एकत्र राहणारे गावकरी, भाऊ, पाळीवरून थेट आलेले सोबती, आणि त्याची बायको. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भास्करराव नर्सकडे तक्रार करत होते की ह्या लोकांना आवाज कमी करायला सांगा. नर्स म्हणाली, भेटीची वेळ आहे, आजोबा. काकी रोज सकाळी डबा घेऊन येत, अंग पुसून देत, चादर बदलत आणि निघत. फार वेळ बसत नसत. फार वेळ बसू नये हे त्यांना याच माणसाने वर्षानुवर्षं शिकवलं होतं. विजया दादरहून आठवड्यातून एकदा येई आणि नवऱ्याच्या शाळेची वेळ सांगून लवकर उठे. मला त्या दोघींचा राग आला नाही.

दुसऱ्यांदा मी गेलो ते डॉक्टरांचा निरोप घेऊन. भेटीची वेळ संपत आली होती. मी वॉर्डाच्या दारात पोचलो तेव्हा लोक बाहेर पडत होते. सावंताची माणसं निघाली होती, मागे त्याची बायको रिकामा डबा फडक्यात बांधत होती. चाळिशीची, लुगडं नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. भास्कररावांच्या खाटेशेजारच्या छोट्या टेबलावर एक वाटी होती आणि तळाशी पेजेची दोन-चार शितं. त्यांनी ती पेज खाल्ली होती. फोडणीचा वास सहन न होणारा माणूस लालबागच्या चाळीतली पेज खाऊन बसला होता.

ती बाई वाटी उचलायला वाकली तेव्हा भास्कररावांनी हात वर केला. त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता येणार?"

माझं गाव मालवणकडचं. तिची बोली मला घरची वाटली. ती म्हणाली, "येतलंय मा, बाबानू. साडेचाराक. तुमकाय पेज हाडतंय."

"जरा लवकर या," भास्करराव म्हणाले. "माणसं घेऊन या."

त्यांच्यासाठीही पेज आणायचं कबूल करून ती हसून गेली. माझ्या अंगावरून गेली तेव्हा डब्याला चुलीच्या धुराचा वास येत होता. भास्कररावांनी मान वळवली आणि ती ज्या दारातून गेली त्या दाराकडे ते बघत राहिले. मी त्याच दारात उभा होतो. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर नव्हता, आणि माझी वाटही ते बघत नव्हते. आत जाऊन खाटेशेजारच्या स्टुलावर पाच मिनिटं बसलो असतो तरी चाललं असतं. डॉक्टरांचा निरोप मी नर्सजवळ दिला आणि जिना उतरलो.